‘सेकंड-गेस’ करणे: निसटत्या पराभवानंतरचे शहाणपण

बेसबॉलवरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना आपण ज्या वाक्यापाशी अडलात, त्याचा आशय असा आहे की, निसटत्या पराभवानंतर मॅनेजरला ‘सेकंड-गेस’ करणे फार सोपे असते. या क्रियापदासाठी ‘फेरविचार करणे’ चालेल का, की ‘पश्चातबुद्धी’ हा शब्द योजावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते येथे दोन्ही चालणार नाहीत.

फेरविचार करतो तो निर्णय घेणारा स्वतः, आणि तो करताना निर्णय बदलण्याची मुभा अजून त्याच्या हातात असते. पश्चातबुद्धीही बहुधा ज्याची चूक झाली त्यालाच होते. ‘सेकंड-गेस’मध्ये मात्र निर्णय एकाचा असतो, मागाहूनचा विचार दुसऱ्याचा असतो, आणि त्या दुसऱ्यावर निर्णयाची कोणतीही जबाबदारी नसते. शिवाय तो विचार मांडला जातो तेव्हा निकाल लागलेला असतो. या तीन गोष्टींपैकी एक जरी सुटली तरी इंग्रजी वाक्यातला डंख नाहीसा होतो.

अनुवादात ‘मॅनेजर’ हा शब्द तसाच ठेवावा. ‘व्यवस्थापक’ म्हटले की क्रिकेटच्या वाचकापुढे संघाचा प्रवास, निवास आणि पत्रव्यवहार पाहणारा गृहस्थ उभा राहतो. बेसबॉलचा मॅनेजर डगआउटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या संघाच्या बाकांवर, बसून कोण खेळणार, कोणत्या क्रमाने खेळणार आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कधी बदलायचा हे ठरवतो. त्याच्या अनेक निर्णयांचे स्वरूप ‘हे किंवा ते’ असे असते, आणि दोन चेंडूंमध्ये पुरेसा वेळ असल्याने प्रेक्षकही आपापला कौल मनात देऊन मोकळे झालेले असतात. बदललेल्या पिचरला त्या सामन्यात पुन्हा आणता येत नाही, त्यामुळे निर्णय मागे घेण्याची सोयही नसते. हे क्रियापद गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत रूढ झाले आणि त्याचे नाते प्रथमपासून बेसबॉलशी जोडले गेले, याचे म्हणूनच नवल वाटत नाही. दहा धावांनी हरलेल्या संघाच्या मॅनेजरला कोणी एका निर्णयावरून धारेवर धरत नाही. निसटत्या पराभवात मात्र प्रत्येक निर्णय ‘तोच तो निर्णय’ ठरू शकतो.

अलीकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण 27 ऑक्टोबर 2020 चे आहे. टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना चालू होता. लॉस एंजेलिस डॉजर्सकडे मालिकेत 3-2 अशी आघाडी होती, तर टँपा बे रेजला टिकून राहण्यासाठी हा सामना जिंकणे भाग होते. रँडी अरोझारेनाच्या, नऊपैकी पहिल्याच इनिंगमधील होम रनमुळे (चेंडू कुंपणापार टोलवून काढलेली धाव) रेज 1-0 असे पुढे होते आणि त्यांचा पिचर ब्लेक स्नेल डॉजर्सना हात लावू देत नव्हता. सहाव्या इनिंगमध्ये एक बॅटर बाद झाल्यावर ऑस्टिन बार्न्सने एक साधा हिट मारला, म्हणजे फटका मारून पहिला बेस गाठला. स्नेलविरुद्धचा तो केवळ दुसरा हिट होता. तोवर स्नेलने नऊ वेळा बॅटरला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले होते, एकालाही वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) दिला नव्हता आणि फक्त 73 चेंडू टाकले होते. त्या क्षणी मॅनेजर केव्हिन कॅश डगआउटमधून बाहेर आले आणि त्यांनी स्नेलला काढून निक अँडरसनला बोलावले. लगेच मुकी बेट्सने डबल मारला, म्हणजे एका फटक्यात दुसरा बेस गाठला, वाइल्ड पिचवर, म्हणजे झेलणाऱ्याला न आवरलेल्या स्वैर चेंडूवर, बार्न्स घरी आला आणि धाव झाली, कोरी सीगरच्या फटक्यावर बेट्सही आला आणि डॉजर्सनी आघाडी घेतली. आठव्या इनिंगमध्ये बेट्सने होम रन मारला, सामना 3-1 असा सुटला आणि डॉजर्स विजेते झाले.

कॅश यांचा हिशेब अडाणीपणाचा नव्हता. एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे जाताना बॅटर अधिक यशस्वी होतात, हे आकडेवारीने पूर्वीच दाखवून दिले होते, आणि पुढे येणारे बॅटर त्या सामन्यात स्नेलला तिसऱ्यांदाच खेळणार होते. याच पद्धतीने चालून तो संघ तिथवर पोहोचला होता. दुसऱ्या बाजूला, बेट्स, सीगर आणि जस्टिन टर्नर हे पुढचे तिघेही स्नेलपुढे प्रत्येकी दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. अँडरसनविरुद्ध मात्र त्या हंगामोत्तर स्पर्धेतील आधीच्या सामन्यांत धावा झालेल्या होत्या. हे सर्व आकडे निर्णयाच्या वेळीही सर्वांसमोर होते.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हेच. कॅश डगआउटची पायरी चढले तेव्हा, म्हणजे बेट्सचा डबल व्हायच्या आधीच, असंख्य प्रेक्षकांनी कपाळावर हात मारून घेतला होता आणि स्नेलच्या चेहऱ्यावरची नाराजी दूरचित्रवाणीवर साऱ्यांनी पाहिली होती. अशा आक्षेपाला अमेरिकन लोक ‘सेकंड-गेस’ म्हणत नाहीत, ‘फर्स्ट-गेस’ म्हणतात. निकाल कळण्याआधी जो बोलला, त्याने निर्णय घेणाऱ्याइतकीच जोखीम पत्करलेली असते. मराठीत अनुवाद करताना ही काळाची सीमारेषा सांभाळायलाच हवी: पहिल्याने ‘तेव्हाच आक्षेप घेतला’, आणि दुसऱ्याने ‘निकाल लागल्यावर शहाणपण शिकवले’. दोघांनाही सरसकट ‘टीकाकार’ म्हटले की लेखकाने केलेला भेद पुसला जातो. आपला लेख स्नेलच्या प्रकरणाविषयी असेल, तर हे विशेष जपावे, कारण त्या एकाच निर्णयावर दोन्ही जातींचे आक्षेप एकाच वेळी बरसले होते आणि दुसऱ्या जातीचे अनेक जण आपण पहिल्या जातीचे असल्याचे सांगत होते.

सामन्यानंतर कॅश जे बोलले तेही अनुवादकाने लक्षात घेण्याजोगे आहे. निर्णय फळला नाही म्हणून वाईट वाटते, पण त्यामागचा विचार बरोबर होता, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तेथे वापरल्या गेलेल्या इंग्रजी ‘रिग्रेट’ला ‘पश्चात्ताप’ म्हणणे चुकीचे ठरेल. पश्चात्तापात आपण चुकलो ही कबुली असते आणि ती तर कॅश यांनी दिलीच नव्हती. त्यांना झाली ती हळहळ.

याच्या नेमके उलट उदाहरण 16 ऑक्टोबर 2003 चे. यँकी स्टेडियमवर अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतील (तिचा विजेता वर्ल्ड सिरीजला जातो) सातव्या आणि निर्णायक सामन्यात बॉस्टन रेड सॉक्स आठव्या इनिंगमध्ये 5-2 असे पुढे होते. पिचर पेद्रो मार्टिनेझ थकत चालल्याची चिन्हे दिसत असताना मॅनेजर ग्रेडी लिटल त्याच्यापाशी गेले, त्याला विचारले आणि त्यालाच ठेवून परत आले. यँकीजनी बरोबरी साधली आणि जादा खेळाच्या अकराव्या इनिंगमध्ये एरन बूनच्या होम रनवर 6-5 असा सामना जिंकला. लिटल यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. एकाने आपल्या उत्तम पिचरवर विश्वास टाकला आणि दुसऱ्याने आकडेवारीवर. दोघेही हरले आणि दोघांनाही तितक्याच आत्मविश्वासाने सांगण्यात आले की, उलट करायला हवे होते. मला स्वतःला कॅश यांचा निर्णय त्या क्षणीही चुकीचा वाटतो आणि लिटल यांचा त्याहून अधिक चुकीचा, कारण बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागी, माइक टिमलिन आणि ॲलन एंब्री हे उत्तम फॉर्मात असलेले दोघे हाताशी होते. परंतु हे माझे मत मी निकाल माहीत असताना देत आहे, तेव्हा त्याची किंमत वाचकाने त्याच हिशेबाने करावी.

अस्सल ‘सेकंड-गेस’ पाहायचे तर 1985 मध्ये डॉजर्सचे मॅनेजर असलेल्या टॉमी लासोर्डांकडे जावे. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये डॉजर्स 5-4 असे पुढे होते, सेंट लुइस कार्डिनल्सचे दोन बॅटर बाद होते आणि दुसरा व तिसरा बेस भरलेला असून पहिला रिकामा होता. पुढचा बॅटर जॅक क्लार्क याला मुद्दाम वॉक देऊन त्या रिकाम्या बेसवर पाठवता आले असते. त्याच सामन्यात डॉजर्सचा पिचर टॉम नीडनफ्युअर याने क्लार्कला आधी स्ट्राइकआउट केले होते, आणि क्लार्कला सोडले तर उजव्या हाताच्या नीडनफ्युअरपुढे डावखुरा अँडी व्हॅन स्लाइक येणार होता (अशा पिचरला खेळणे डावखुऱ्याला सहसा सोपे जाते), म्हणून लासोर्डांनी क्लार्कलाच खेळवले. पहिल्याच चेंडूवर तीन धावांचा होम रन झाला आणि मालिका गेली. येथे दोन्ही पर्यायांत धोका जवळजवळ सारखा होता आणि पारडे झुकवले ते केवळ निकालाने.

आता मराठीच्या पोतडीत काय आहे ते पाहू. ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण सर्वांत आधी सुचते, पण तीत उशिरा उपाय करणारा हा बैलाचा धनीच असतो; टीका करणारा शेजारी तीत नाही. ‘वरातीमागून घोडे’ केवळ उशीर सांगते. ‘उंटावरचा शहाणा’ अधिक मोहात पाडतो, कारण तो परक्याच्या अडचणीत उंचावरून सल्ला देतो. परंतु रांजणात वासराचे डोके अडकलेले असताना, म्हणजे वेळेवरच, तो बोलतो आणि त्याचा सल्ला मूर्खपणाचा असतो. सामन्यानंतरच्या शहाण्याचे दुखणे निराळे आहे: त्याचा सल्ला अनेकदा बिनचूक असतो, फक्त तो कोणाच्याही उपयोगाचा उरलेला नसतो. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ या म्हणीत मागच्याचे कौतुक आहे, कारण त्याला त्याच वाटेने जायचे आहे. प्रेक्षकाला त्या वाटेने कधीच जायचे नसते. राहता राहिले ‘उंटावरून शेळ्या हाकणे’. त्यात अंग न लावता हुकूम सोडणे आहे, पण निकालाचा संबंध नाही. एकूण काय, आपल्या म्हणींनी या माणसाचा उशीर, त्याचे अंतर आणि त्याचा आगाऊपणा वेगवेगळा टिपला आहे, तिन्ही एकत्र बांधलेले नाहीत, आणि म्हणून येथे म्हण न वापरता सरळ क्रियापदाची रचना करणे मला श्रेयस्कर वाटते.

‘शहाणपण शिकवणे’ या प्रयोगात मराठीला हवा तो उपरोध आयताच मिळतो. त्यामुळे ‘निकाल लागल्यावर शहाणपण शिकवणे’ ही रचना आपल्या वाक्यात चपखल बसेल: ‘निसटत्या पराभवानंतर मॅनेजरला शहाणपण शिकवणे फार सोपे असते.’ येथे ‘पराभवानंतर’ हा शब्द आधीच आल्यामुळे ‘निकाल लागल्यावर’ पुन्हा म्हणण्याची गरज नाही. ‘सेकंड-गेसर’ या नामासाठी ‘सामना संपल्यावरचा शहाणा’ म्हणता येईल. क्रिकेटच्या वाचकाला हा माणूस परिचयाचाच आहे. 2007 च्या ट्वेंटी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीने शेवटचे षटक जोगिंदर शर्माला दिले, मिस्बाहचा फटका श्रीशांतच्या हातात गेला आणि भारत पाच धावांनी जिंकला; तो झेल सुटून चेंडू सीमापार गेला असता, तर या शहाण्यांना आपल्याकडे अनेक वर्षांची बेगमी झाली असती.

मात्र इंग्रजी क्रियापद नेहमीच उपरोधाने येत नाही. समालोचक जेव्हा शांतपणे एखाद्या निर्णयाची बाजू आणि विरुद्ध बाजू तपासतो, तेव्हाही ते वापरले जाते, आणि अशा ठिकाणी ‘निर्णयाची मागाहून चिकित्सा करणे’ हे योग्य होईल. एखादा मॅनेजर स्वतःच्या बाबतीत ते क्रियापद वापरतो तेव्हा अर्थ पुन्हा बदलतो: ‘मी स्वतःला सेकंड-गेस करत नाही’ म्हणजे ‘एकदा ठरवल्यावर मी मनात शंका घेत बसत नाही’. तिथे शहाणपणाचा किंवा चिकित्सेचा काहीच संबंध उरत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या मनातला डाव आधीच ओळखणे, असाही एक अर्थ शब्दकोशांत सापडेल. बेसबॉलमध्ये तो अगदी संभवनीय आहे, विशेषतः बेस चोरण्याचा, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठण्याचा, प्रयत्न होणार की नाही हे ताडण्याच्या संदर्भात, तेव्हा आपल्या लेखात हे क्रियापद दुसऱ्या कोणत्या परिच्छेदात आले असल्यास ते सामन्याच्या आधीचे आहे, मधले आहे की नंतरचे, हे आधी पाहावे आणि मगच शब्द ठरवावा.