कॅमेऱ्याकडे बघायची घाई नको

अरे, स्क्रिप्ट वाचली. तुझी बाहुली पहिल्याच मिनिटात तीनदा प्रेक्षकांशी बोलते. इतक्यात नको. आधी तिचं जग खरं वाटू दे, मग चौथी भिंत (खेळ आणि प्रेक्षक यांच्यामधली न दिसणारी भिंत) पाड. ‘द मपेट शो’ (१९७६-८१) ही बाहुल्यांची टीव्ही मालिका बघ. बाल्कनीतले दोन म्हातारे, स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ, चालू कार्यक्रमालाच नावं ठेवतात. आपल्या मनात आलेलंच ते बोलून टाकतात, म्हणून हसू येतं.

आतल्या गोटातले विनोद जपून वापर. दादरच्या एका प्रयोगात मी आमच्या लाइटवाल्याच्या डुलक्यांवर कोटी केली. विंगेत खसखस, समोर शुकशुकाट! पुढच्या प्रयोगात बाहुलीने वर बघून हाक मारली, “अहो लाइटवाले, झोपलात काय?” आणि दिवा मुद्दाम चार सेकंद उशिरा लावला. तेव्हा कुठे हॉल हसला. (लाइटवाला आठवडाभर बोलला नाही, ते सोड.)

आणि नजर सांभाळ. हात भरून आला की मनगट मागे कलतं, बाहुली छताकडे बघत बसते. मॉनिटरवर (कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर) डोळा ठेव, मनगट जरा पुढे झुकव. बुबुळं नेमकी लेन्सवर आली की थांब, मगच वाक्य टाक. रविवारी बाहुली घेऊन ये, आरशासमोर करून बघू.