गुरुत्वाकर्षण नक्की काय: अवकाश-काळाची वक्रता की ग्रॅव्हिटॉनची देवाणघेवाण?

तुमचा प्रश्न असा, की आइन्स्टाइन म्हणतो तसं गुरुत्वाकर्षण हे बलच नसेल, अवकाश-काळाची, म्हणजे अवकाश आणि काळ मिळून होणाऱ्या एकाच रचनेची, वक्रता असेल, तर ग्रॅव्हिटॉन, म्हणजे गुरुत्वाकर्षण वाहून नेणारा कल्पित कण, हवाच कशाला? एम.एस्सी.ला असताना याच प्रश्नाने मला कित्येक महिने छळलं होतं. माझ्या मते या दोन कल्पना एकमेकींच्या विरोधात नाहीत. मात्र दोघींमागचा पुरावा सारखा नाही.

मोबाइलमधल्या प्रवेगमापकाचा आकडा दाखवणारं एखादं ॲप उघडा. फोन टेबलावर ठेवला की ९.८ च्या आसपास आकडा दिसतो. तोच फोन गादीवर सोडा, पडता पडता आकडा शून्याजवळ येतो. पडणाऱ्या फोनला काहीच ओढत नाही. टेबलावरच्या फोनला मात्र टेबल वर ढकलत असतं. रबरी चादरीवरच्या जड गोळ्याचं चित्र मी विद्यार्थ्यांना दाखवत नाही, कारण त्यात काळच गायब होतो. हातातून सुटलेला दगड खाली येतो तो मुख्यतः काळाच्या वक्रतेमुळे. जमिनीजवळ घड्याळ किंचित सावकाश चालतं. २०१० मध्ये अमेरिकेत दोन अणुघड्याळांच्या उंचीत जेमतेम ३३ सेंटीमीटरचा फरक ठेवून हे मोजलं गेलं. वक्रतेची बाजू अशी भक्कम आहे.

आता ग्रॅव्हिटॉन. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने गुरुत्वीय तरंग, म्हणजे अवकाश-काळातल्या लाटा, पहिल्यांदा टिपले. प्रकाशाचे तरंग जसे फोटॉनच्या पुडक्यांत येतात, तसे हेही पुडक्यांत येत असणार, असं क्वांटम सिद्धांत सांगतो. त्या पुडक्याचं नाव ग्रॅव्हिटॉन: वस्तुमान शून्य, स्पिन (कणाचा फिरकीसारखा अंगभूत गुण) २.

यापुढचा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. वक्रतेचं नावही न घेता सपाट अवकाश-काळापासून सुरुवात करा. त्यात वस्तुमान नसलेला, स्पिन २ चा कण घ्या. तो सगळ्या ऊर्जेशी, म्हणजे स्वतःच्या ऊर्जेशीसुद्धा, सुसंगतपणे जोडला गेला पाहिजे एवढी अट घाला. गणित पुढे नेलं की आइन्स्टाइनचीच समीकरणं हाती येतात. फाइनमन, वाइनबर्ग आणि डेझर या भौतिकशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वाटांनी हे दाखवलं. सुरुवातीचा सपाटपणा मग कुठल्याच मोजपट्टीला वा घड्याळाला सापडत नाही, कारण प्रत्येक मोजपट्टी आणि प्रत्येक घड्याळ त्या क्षेत्राच्या प्रभावाखाली सारखंच बदलतं. मोजून जे उरतं ती वक्रताच. म्हणून मी असं समजतो, की असंख्य ग्रॅव्हिटॉन एकत्र आले की आपल्याला वक्रता दिसते.

पण सुटा ग्रॅव्हिटॉन आजवर कुणी पाहिलेला नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची नियोजित लायगो-इंडिया वेधशाळाही तरंगच टिपेल. शिवाय सुमारे १०⁻³⁵ मीटर इतक्या सूक्ष्म अंतरावर ग्रॅव्हिटॉनचं हे गणित कोलमडतं.

माझं लक्ष आहे ते २०१७ मध्ये दोन गटांनी सुचवलेल्या प्रयोगाकडे. दोन सूक्ष्म वस्तू, प्रत्येक एकाच वेळी दोन जागी असल्याच्या क्वांटम अवस्थेत, आणि दोघींमध्ये फक्त गुरुत्वाकर्षण. तेवढ्यावर त्यांच्यात एन्टँगलमेंट झालं, म्हणजे दोघींच्या क्वांटम अवस्था एकमेकींत गुंतल्या, तर गुरुत्वाकर्षण निव्वळ अभिजात (क्वांटम नसलेलं) नाही याचा तो फार मोठा पुरावा ठरेल. तो होईल, अशीच माझी अपेक्षा आहे.