संग्राहकाची टपालपेटी : पहिला नंबर नक्की कुणाचा?

प्रश्न : १९६०च्या दशकातल्या ब्रिटिश गाण्यांचे जुने चार्ट, म्हणजे विक्रीनुसार नंबर लावलेल्या साप्ताहिक याद्या, जमवण्याचा मला नाद आहे. बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ १९६३मध्ये एका यादीत पहिलं दिसतं, दुसरीत दुसरं. खरी यादी कुठली? की सगळ्यांची सरासरी काढून एकच राष्ट्रीय यादी करावी?

उत्तर : सरासरी तेवढी काढू नका. ती काढून मी तीन महिने वाया घालवले आहेत.

त्या काळात तिथे सर्वमान्य अशी एक यादी नव्हतीच. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने १४ नोव्हेंबर १९५२ला पहिला चार्ट छापला, तोही साधारण २० दुकानांना फोन करून. बारा नंबरांची यादी, पण बरोबरीमुळे गाणी भरली पंधरा! पुढे ‘मेलडी मेकर’, ‘डिस्क’ आणि १९६०पासून ‘रेकॉर्ड रिटेलर’. ज्याची त्याची दुकानं वेगळी. ‘रेकॉर्ड रिटेलर’ने तर सुरुवात जेमतेम ३० दुकानांवर केली. तुमचं गाणं पहिल्या दोन साप्ताहिकांत पहिलं होतं आणि ‘रेकॉर्ड रिटेलर’मध्ये दुसरं. नंतरच्या संदर्भग्रंथांनी १९६०पासून ‘रेकॉर्ड रिटेलर’च प्रमाण धरला, त्यामुळे बहुतेकांना दुसरा नंबरच पाठ आहे. एकच अधिकृत यादी सुरू झाली ती फेब्रुवारी १९६९मध्ये.

आता सरासरीचं. बीबीसीही आपल्या कार्यक्रमासाठी तसंच करायची, म्हणून मला वाटलं आपणही करावं. पण समजा, एक गाणं एका यादीत पहिलं आणि दुसरीत चौथं, दुसरं गाणं बरोबर उलटं, आणि तिसरं दोन्हीकडे दुसरं. सरासरीत हे तिसरं पहिलं येतं! कुठल्याच साप्ताहिकात पहिलं न आलेलं गाणं मी दिमाखात वर बसवलं होतं. ती वही अजून आहे, मुखपृष्ठावर लाल शाईने ‘चूक’ लिहिलेली. मुळात नंबर म्हणजे विक्री नव्हे. पहिल्या-दुसऱ्यात दहा तबकड्यांचा फरक होता की दहा हजारांचा, हे नंबर कधी सांगत नाही.

तेव्हा रकाने शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकावर साप्ताहिकाचं नाव लिहा. अंकावरची तारीख आणि विक्रीचा आठवडा एकच समजू नका. माझी निम्मी खाडाखोड त्यापायीच झाली. नाताळात बऱ्याचदा नवी यादी होत नसे, आधीचीच पुढे चाले. तो आठवडा मोजायचा की नाही ते एकदाच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी तुम्हीच गोंधळाल.

प्रश्न : नो डाउट या अमेरिकन बँडचं ‘डोन्ट स्पीक’ अमेरिकेत रेडिओवर इतकं गाजलं, मग ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या हॉट हंड्रेड या शंभर गाण्यांच्या मुख्य यादीत मला ते का सापडत नाही? माझ्याकडून पान निसटलं का?

उत्तर : पान शाबूत आहे. ते गाणं तिथे सुटं सिंगल (अल्बमशिवाय वेगळं मिळणारं गाणं) म्हणून विकायलाच ठेवलं नव्हतं आणि तेव्हाच्या नियमाने अशा गाण्याला हॉट हंड्रेडचं दार बंद होतं. ५ डिसेंबर १९९८च्या यादीपासून हा नियम बदलला. रेडिओवर किती वाजतं याच्या वेगळ्या यादीत मात्र ते १६ आठवडे पहिलं होतं. तुमच्या तक्त्यात हॉट हंड्रेडच्या रकान्यात शून्य लिहू नका, आडवी रेघ ओढा.