आईची दोन नावं आणि अडकलेली फॅमिली पेन्शन

दादा, तुमचे वडील लष्करातून नाईक म्हणून निवृत्त झालेले, दोन महिन्यांपूर्वी गेले आणि आईची फॅमिली पेन्शन नावातल्या फरकामुळे अडकलीय, हे वाचून आमचं 2019 साल डोळ्यांपुढे आलं. "गावची माजी सैनिक संघटना झेंडावंदनापुरती, तिथे जाऊन काय उपयोग?" असं तुम्ही विचारलंय. मीही तेच म्हणायचो. त्यापायी आई चौदा महिने पेन्शनविना राहिली.

मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), पासबुक तुम्ही जमवलं असेलच. खरी गोम वेगळी आहे. आमच्या आईचं माहेरचं नाव डिस्चार्ज बुकात (निवृत्त होताना सैनिकाला मिळणारी नोंदवही) आणि सासरचं आधारवर. लग्नात नाव बदलणं आपल्याकडे घरोघरी, पण रेकॉर्ड ऑफिसच्या (सैनिकांच्या नोंदी ठेवणारं लष्करी कार्यालय) लेखी त्या दोन वेगळ्या बायका. मी घाईघाईने "नाव बदलले आहे" असं प्रतिज्ञापत्र करून थेट रेकॉर्ड ऑफिसला पाठवून दिलं. कुणालाही न दाखवता. हीच माझी सगळ्यात मोठी चूक.

चार महिन्यांनी अर्ज परत आला. मग एका कार्यालयात खेटे सुरू झाले, नाव घेत नाही. दर खेपेला एकच कागद कमी निघायचा. पहिल्याच दिवशी सगळे का नाही सांगितले? सत्तरीची आई एसटीने जायची, बाकावर बसून राहायची आणि "साहेब मीटिंगला गेलेत" ऐकून परत यायची. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी वडिलांच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आम्हाला संघटनेच्या खोलीत घेऊन गेले. एक कपाट, दोन टेबलं. डिस्चार्ज बुक चाळून त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं की आईची जन्मतारीखही जुळत नाही, नुसतं नाव सुधारून पुन्हा अडकाल. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असा मजकूर हवा. जन्मतारखेचा खुलासाही त्यातच, आणि अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. तिथल्या कल्याण संघटकांना त्यांनी समोरच फोन लावला. तीन महिन्यांत थकबाकीसकट पेन्शन सुरू झाली.

मी वकील नाही, आणि कागद रेकॉर्ड ऑफिसनुसार बदलतात, म्हणून मजकूर आधी दाखवून घ्या. आता संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठी ऑनलाइन स्पर्श पोर्टल आहे, आमच्या वेळी नव्हतं. तरी मूळ नोंद चुकीची असेल तर पोर्टल काही करू शकत नाही, असं माझं मत.

त्याच खोलीत भरतीला जाणाऱ्या पोरांचे फॉर्म तपासले जातात, 7 डिसेंबरच्या ध्वजदिन निधीची पेटी तिथूनच फिरते. एखाद्या जवानाचं पार्थिव गावात येतं तेव्हा घरच्यांना सावरायला हीच माणसं उभी असतात. माझ्या मते प्रत्येक सैनिकाच्या घराने वर्गणी भरावी.

आणखी दोन गोष्टी. मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्याही हातात सोडू नका, झेरॉक्स द्या. आईच्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डाचं आजच विचारा, पेन्शन मंजूर होईपर्यंत थांबू नका. संघटनेची खोली कोणत्या वारी उघडते ते कळलं की आईलाही सोबत न्या, सही तिचीच लागेल.