आजोबांचे पार्कर ५१ दुरुस्त करून घ्यावे की नुसते जपून ठेवावे?

तुम्ही दिलेली माहिती एवढी: पेन आजोबांचे, तीसेक वर्षे कपाटात पडून, शाई ओढत नाही, आणि एका दुकानात ‘आतले सगळे बदलावे लागेल’ असे सांगितले.

माझे मत विचाराल तर हा निर्णय आज घेऊच नका, चार दिवसांनी घ्या. तोवर पेन पाण्यात राहू द्या. बंद पडलेले ५१ पुष्कळदा बिघडलेले नसते, तुंबलेले असते. तुंबलेले पेन धुणे ही काही दुरुस्ती नव्हे, त्याला कोणी पैसे मागू नयेत.

आधी ते खरेच ५१ आहे का ते बघा. याचे टोपण आट्यांचे नसते, सरळ ओढून निघते. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, फक्त टोक बाहेर डोकावते. टोपणाच्या कडेला पार्करचे नाव आणि देश बारीक अक्षरांत कोरलेला असतो. चिनी हिरोची कितीतरी पेने दिसायला अशीच असतात आणि आपल्याकडे ती भरपूर वापरली गेली, म्हणून नुसत्या बाणाच्या क्लिपवर विसंबू नका. हिरो निघाले तरी धुवा जरूर. मोठा खर्च मात्र नको.

आता मागची नळी फिरवून काढा. आत धातूचे नळकांडे आणि त्याच्या खिडकीत दाबायची पट्टी दिसली, तर ते साधारण १९४८ नंतरचे एरोमेट्रिक. नळी निघत नाही, पण शेपटाकडचे छोटे बूच निघते आणि आत दाबायचा दट्ट्या दिसतो, तर ते त्याआधीचे, १९४१पासून आलेले व्हॅक्युमॅटिक. नळी जड जात असेल तर जोर लावू नका. एक दिवस पेनाचे पुढचे तोंड पाण्यात ठेवून पुन्हा प्रयत्न करा. पक्कड तर दूरच ठेवा.

एरोमेट्रिक असेल तर काम निम्म्याने सोपे. त्यातली शाईची पिशवी रबराची नाही, प्लाय-ग्लास नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची असते आणि ती सत्तर वर्षांनीही मऊ निघते. पिवळी किंवा तपकिरी पडली म्हणून बदलायची नसते. ‘आतले सगळे बदला’ हा सल्ला बहुधा या रंगाकडे बघूनच दिला जातो.

धुण्याची कृती अशी. काचेच्या पेल्यात दोन बोटे साधे पाणी घ्या. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर मिळाले तर उत्तम, कारण बोअरिंगच्या पाण्यातले क्षार आत साठतात. तळाशी टिश्यूची घडी ठेवा आणि पेन निब खाली करून त्यावर उभे करा. पाणी धातूच्या कड्यापर्यंत यावे, वर नको. थोड्या वेळाने निबेच्या टोकातून निळा धागा निघून तळाशी उतरताना दिसेल. पाणी गडद झाले की बदला. दिवसातून दोनदा पट्टी दहा-दहा वेळा दाबून पाणी आत-बाहेर करा. गरम पाणी नको, आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझर तर अजिबात नको: ५१ची नळी ल्युसाइटची, म्हणजे अॅक्रिलिकची असते, अल्कोहोलने तिला केसासारख्या भेगा पडतात. भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब चालतो.

चार दिवस का लागतात? निबेवरच्या झाकणाखाली नेहमीची साधी जीभ नसते. तिथे कंगव्यासारख्या बारीक दातांचा कलेक्टर असतो, जास्तीची शाई तो धरून ठेवतो. सुकलेली शाई त्या दातांत अडकते. वरवर पाणी स्वच्छ येऊ लागले तरी आत खडा शिल्लक असतो, आणि मग पेन दोन ओळी लिहून बंद पडते. टिश्यूवर निब टेकवल्यावर डाग फिका आणि एकसारखा पसरेपर्यंत थांबू नका.

आता परीक्षा. पाण्यात निब बुडवून पट्टी दाबा. प्रत्येक दाबाला बुडबुडे यावेत आणि पाच-सहा दाबांत कमी होत थांबावेत. एक-दोन दाबांतच बुडबुडे थांबले आणि पिशवीत जेमतेम थेंबभर पाणी आले, तर आतली हवेची बारीक नळी तुटली आहे. सुरुवातीच्या एरोमेट्रिकमध्ये ती चांदीची असे आणि शाईने खाल्ली जाई. नवी प्लास्टिकची नळी बसते, काम छोटे आहे. बुडबुडे येतात पण पाणी आत टिकत नाही, तर पिशवी मानेपाशी फाटली आहे. हेही होण्यासारखे आहे. या दोन्हींसाठी दुरुस्ती जरूर करावी.

व्हॅक्युमॅटिकचे गणित वेगळे. त्यात रबरी पडदा असतो, आणि इतक्या वर्षांनी तो कडक झालेला किंवा विरघळून चिकट झालेला असणारच. तो बदलल्याशिवाय पेन चालणार नाही. घरी करू नका, कारण शाई भरायची यंत्रणा काढायला तिच्या मापाचा खास पाना लागतो; पकडीने काढायला गेलात तर आटे जातात किंवा नळी तडकते. नवा पडदा बसवताना त्याच्या टोकाची छोटी गोळी दट्ट्याच्या कपात दाबून बसवावी लागते. जुन्या रबराचे अवशेष कपात राहिले तर ही गोळी चार दिवसांत निसटते.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची निब. सोनाराकडची दहापट भिंग मागून घ्या. सोन्याच्या निबेच्या टोकाला कठीण धातूचा इवलासा मणी असतो, त्याला आपण सरसकट इरिडियम म्हणतो. तो दोन्ही फाळक्यांवर, म्हणजे निबेच्या चिरेच्या दोन्ही बाजूंवर, शाबूत आहे का? नसेल तर दुरुस्तीचा खर्च चालू स्थितीतल्या दुसऱ्या ५१च्या किमतीपर्यंत जाऊ शकतो, आणि मग मी म्हणेन, धुऊन पेटीत ठेवा. फाळके वरखाली झाले असतील तर ते सरळ होतात. मणी एका बाजूला सपाट झिजला असेल, तर तो आजोबांच्या हाताच्या कोनात झिजला आहे. पेन किंचित फिरवून धरून बघा, बहुतेक तिथे गुळगुळीत चालेल. ‘पॉलिश पेपरवर घासून देतो’ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. घासून गेलेला मणी पुन्हा भरून येत नाही.

झाकणाला तडा असेल तर दुसरे झाकण मिळते. हे मॉडेल कोट्यवधींनी विकले गेले, त्यामुळे सुटे भाग फिरत असतात. पार्करने २०२१च्या सुमारास याच नावाने नवे पेन काढले; त्याचे भाग जुन्याला बसत नाहीत, ऑनलाइन घेताना फसू नका. टोपणावर आजोबांचे नाव कोरलेले असेल तर पॉलिश आणि मुलामा दोन्ही नको, अक्षरे बुजतात.

दुरुस्ती करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: झाकण परत कशाने चिकटवणार? ‘शेलॅक’ म्हणाला तर बसा. शेलॅक म्हणजे लाख, ती थोड्या उष्णतेने मऊ होते, पुढच्या वेळी पेन पुन्हा उघडता येते. ‘फेविक्विक’ म्हणाला तर पेन उचला आणि नमस्कार करून निघा. कुरियरने पाठवायचे असेल तर रिकामे करून, कापडात गुंडाळून, अर्धा इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घाला. पेन आत जात नसेल तर पाऊण इंची घ्या.

चालू झाल्यावर साधी धुता येणारी निळी शाई भरा. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई चुकूनही नको, ती कलेक्टरमध्ये सुकली की पाण्याने निघत नाही. महिनाभर लिहिणार नसाल तर रिकामे करून ठेवा.