सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये हत्यारं ठेवायला कल्पक काय करता येईल? जागा कमी आहे, भिंत एकच रिकामी आहे.

भिंत रिकामी आहे ना? मग पेटी, ट्रंक, खोल ड्रॉवर हे सगळं आधी डोक्यातून काढा. हत्यार दिसलं पाहिजे, एका हाताने निघालं पाहिजे आणि त्याच हाताने परत जागेवर गेलं पाहिजे. दुसऱ्या हातात बहुतेक वेळा जॉब, म्हणजे ज्यावर काम चाललंय तो लाकडाचा तुकडा, असतो. यात जे बसत नाही ते कितीही देखणं असो, मी त्याला सोय म्हणत नाही.

इतकं ठासून सांगतोय कारण यावरून माझे आणि काकांचे वर्षानुवर्षं खटके उडालेत. काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांचा नियम एकच, हत्यार पेटीत. उघड्यावर गंजतं, येणारा-जाणारा मागून नेतो, आणि कारागिराने आपली हत्यारं चारचौघांत मांडून बसू नये. त्या पेटीत पटाश्या, म्हणजे लाकूड कोरायच्या सपाट धारेच्या छिन्न्या, एकीवर एक पडलेल्या. अर्धा इंची हवी असेल तर आधी रंधा बाहेर, मग गुण्या बाहेर, मग कानशी बाजूला, तेव्हा कुठे तळाशी ती सापडायची. सकाळी घासून घासून लावलेली धार दुपारपर्यंत शेजारच्या पटाशीवर आपटून गेलेली असायची. मी काही बोललो की उत्तर ठरलेलं: "तू नीट ठेवत नाहीस."

शेवटी वाद घालणं सोडून मी पटाश्यांचा रॅक केला. तो कसा केला ते सविस्तर सांगतो, कारण नव्वद टक्के लोक इथेच फसतात. आडव्या फळीला गोल भोकं पाडतात आणि पटाश्या त्यात वरून सोडतात. मग प्रत्येक वेळी पूर्ण पातं बाहेर येईपर्यंत पटाशी वर उचलावी लागते, आणि डोक्यावर दुसरं शेल्फ असेल तर ती निघतच नाही. मी भोकाऐवजी फळीच्या पुढच्या काठापासून आत जाणाऱ्या खाचा घेतल्या. खाचेची रुंदी पटाशीच्या मानेपेक्षा (मूठ आणि पातं यांच्यामधला बारीक भाग) किंचित जास्त, मुठीपेक्षा कमी. पातं आडवं न धरता कडेवर धरायचं, म्हणजे रुंद पटाशीसुद्धा अरुंद खाचेतून आत सरकते. खाचेच्या आतल्या टोकाला, फळीच्या वरच्या अंगाला, मुठीचा खांदा बसेल अशी उथळ वाटी कोरली. मूठ त्या वाटीत बसली की पटाशी पुढे सरकत नाही. अर्धा इंच उचला आणि पुढे ओढा, हातात. पात्याची धार फळीच्या काठापासून चार बोटं आत राहते, त्यामुळे जाता-येता हाताला लागत नाही.

काका म्हणाले, "पुढून उघडं आहे, पायावर पडेल." आणि मूठ धरून सरळ पुढे ओढली. आली नाही. परत ओढली, तरी नाही. मग म्हणाले, "धूळ बसेल." बसते की धूळ! फडक्याने निघते. धारेचा उडालेला टवका फडक्याने भरून येत नाही.

हा रॅक भिंतीला कायमचा ठोकू नका. 18 मिमी प्लायची आठेक इंच रुंद पट्टी लांबीत मधोमध 45 अंशांत चिरा, एकाच कापात दोन्ही भाग मिळतात. एक भाग भिंतीला, उतार वर आणि भिंतीकडे. दुसरा रॅकच्या पाठीला, उलटा. रॅक नुसता अडकवायचा, स्क्रू नाही. पाठीला खाली त्याच जाडीची एक पट्टी लावा, नाहीतर रॅक खालून भिंतीकडे झुकतो. याला फ्रेंच क्लीट म्हणतात आणि एका भिंतीवर याहून चांगलं मला काही माहीत नाही, कारण नवीन हत्यार आलं की शेजारचं सरकवता येतं.

रंध्यांना तिरपी फळी करा, पुढच्या टोकाखाली बारीक पट्टी ठेवा म्हणजे पातं टेकत नाही. करवतींना चिरा पाडलेला ठोकळा पुरतो. चुंबकाची पट्टी पटाश्यांना लावू नका, पातं फटकन जाऊन आपटतं आणि लोखंडाचा कीस चिकटून राहतो.

काका नेहमी हेन्री स्टडलीच्या पेटीचा फोटो पुढे करायचे. अमेरिकेतला हा पियानो कारागीर (1838–1925). महोगनीची पेटी, बंद केली की साधारण 39 बाय 20 इंच, आत एकावर एक उघडणाऱ्या झडपा आणि शेकडो हत्यारं, प्रत्येकाला मापाने कोरलेली जागा. काम अफाट आहे, वादच नाही. पण काका, ती पेटी भिंतीवर टांगून उघडायची आहे! तीसुद्धा माझ्याच बाजूने बोलते. आणि मापाने कोरलेल्या जागेत उद्या घेतलेला नवा रंधा कुठे बसवणार? फोम कापून ड्रॉवर भरणाऱ्यांनाही माझा हाच प्रश्न आहे.

आता तीन गोष्टी राहिल्या. भिंतीला ओल असेल तर काकांचं गंजाचं म्हणणं खरं आहे. तिथे क्लीट आणि भिंत यांच्यात थोडी फट ठेवा, हत्यारांना तेलाचा हात फिरवत राहा, किंवा त्याच क्लीटवर दारं असलेलं उथळ कपाट चढवा. दारांच्या आतल्या बाजूलाही हत्यारं लागतात, म्हणजे जागा जवळपास दुप्पट होते. दुसरं, क्लँपचं (लाकूड आवळून धरायच्या शिकंज्यांचं) वजन थोडकं नसतं. ते प्लास्टरच्या भरवशावर लटकवू नका, प्लग विटेत गेला पाहिजे. तिसरं, घरात लहान मुलं असतील तर पटाश्यांचा रॅक त्यांच्या हाताच्या वर लावा, आणि त्या एका रॅकला कुलपाचं दार करा.