१९६६ चा 'ऑल ओरिजिनल' जॅझ बेस साडेनऊ हजार पौंडांना मिळतोय, घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही लीड्सला असता, दहाएक वर्षं बेस गिटार वाजवताय. मँचेस्टरजवळ एका गृहस्थांकडे १९६६ चा सनबर्स्ट (मध्ये उजळ, कडेला गडद होत जाणाऱ्या रंगाचा) फेंडर जॅझ बेस विकायला आहे. ते म्हणतात 'ऑल ओरिजिनल', मागतात साडेनऊ हजार पौंड. घ्यावा का, पुढे विकला तर पैसे सुटतील का, आणि पुण्याला परतायची वेळ आली तर सोबत नेता येईल का?

मी इंग्लंडात गेली सोळा वर्षं जुने बेस घेतो, वाजवतो, विकतो. धंदा म्हणून नाही, नोकरी वेगळी आहे. आत्तापर्यंत अकरा आले आणि नऊ गेले. त्यातल्या एकात सणसणीत आपटलो, ते पुढे सांगतोच. माझं उत्तर एका ओळीचं आहे: ते गृहस्थ बेस उघडून बघू देणार असतील तर जा, नाहीतर पेट्रोलसुद्धा जाळू नका.

आधी हे समजून घ्या की तुम्ही पैसे कशाचे देताय. नुसता वाजवायला चांगला जॅझ बेस हवा असेल तर हजार-दीड हजार पौंडांत जपानमध्ये बनलेला जुना फेंडर मिळतो, आणि समोर बसलेल्या शंभरातल्या एकालाही फरक कळत नाही. वरचे आठ हजार तुम्ही मोजता ते या वाद्याला साठ वर्षांत कुणी हात लावला नाही, याचे. आपल्याकडे मिरजेच्या तानपुऱ्याला तडा गेला आणि नवा भोपळा बसवून घेतला तर कुणी नाक मुरडत नाही, उलट कारागिराचं नाव विचारतात. इथे उलटं. रंग पुन्हा मारलेला निघाला की किंमत सरळ निम्म्यावर येते, मग तो रंग मूळच्यापेक्षा देखणा का असेना. पिकअपची (तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकाची) तार नव्याने गुंडाळली असेल, पॉट (आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणांखालचे भाग) बदलले असतील, जास्तीचं भोक पाडलं असेल, तर प्रत्येकाचे पैसे कापले जातात. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बदललेल्या असल्या तर मात्र बहुतेक लोक चालवून घेतात, कारण वाजणाऱ्या वाद्याचे फ्रेट झिजणारच.

आता तुमच्या सालाकडे येऊ. फेंडर या अमेरिकी कंपनीने जॅझ बेस आणला १९६० मध्ये. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी रेडिओ-टीव्ही कंपनीने ही कंपनी १.३ कोटी डॉलरना विकत घेतली, आणि जुन्या बाजारात 'प्री-सीबीएस' हा शब्द तिथून आला. म्हणजे तुमचा १९६६ चा बेस त्या रेषेच्या जरासा पलीकडचा. भाव म्हणून तेवढा उतरतो. वाद्य म्हणून उतरतोच असं नाही. गंमत म्हणजे १९६६ हे साल एकसारखं नाहीच. मानेच्या कडेची पांढरी पट्टी १९६५ च्या अखेरीस आली, आणि सहासष्टच्या दरम्यान फिंगरबोर्डवरच्या (मानेच्या बोटं टेकायच्या बाजूवरच्या) गोल ठिपक्यांच्या जागी मोठे चौकोनी ठोकळे आले. त्यामुळे पट्टी आणि ठिपके असलेलाही सहासष्टचा असू शकतो, पट्टी आणि ठोकळे असलेलाही. पण ठोकळे दिसताहेत आणि मालक 'पासष्टचा' म्हणतोय, तर तिथेच कान टवकारा.

सिरियल नंबरवर विसंबू नका. मानेमागच्या लोखंडी पाटीवर नंबर आणि मोठा इंग्रजी 'एफ' असेल. त्या पाट्या कारखान्यात डब्यातून हाताला येईल तशा लावल्या गेल्या, त्यामुळे नंबरवरून काळ ढोबळच कळतो. शिवाय पाटी चार स्क्रूंची. कुठल्याही बेसवरून काढून कुठल्याही बेसला लागते.

खरी माहिती आत असते. तारा सैल करा, ते चार स्क्रू काढा, मान वेगळी होईल. बुडाशी, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, शाईचा शिक्का असतो: आधी जॅझ बेसचा आकडा ७, मग महिना, मग साल, शेवटी नटच्या (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) रुंदीचं अक्षर. शिक्का पुसट असला तर घाबरू नका, ठळक आणि कोरा करकरीत असला तर घाबरा. मान बसते त्या खाचेत बघा. रंग मारताना बॉडी धरायला तिथे काठी ठोकलेली असे, म्हणून खाचेत काठीच्या आकाराचा एक पट्टा बिनरंगाचा राहतो. पूर्ण खाच गुळगुळीत रंगवलेली दिसली तर रंग नंतरचा आहे असं धरून पुढचे प्रश्न विचारा. त्याच वेळी ट्रस रॉडचा, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीचा, आवळायचा नट बघून घ्या. या काळातल्या बेसमध्ये तो मानेच्या बुडाशीच असतो, म्हणून कुणी सहजासहजी तपासत नाही. तो शेवटपर्यंत आवळून संपलेला असेल आणि मान तरीही वाकलेली असेल, तर दुरुस्तीचा खर्च शेकड्यांत जातो.

मग तीन बटणांची चकचकीत पट्टी उघडा. पॉटच्या पाठीवर सहा-सात आकडे कोरलेले असतात. १३७ ६६ १२ असं असेल तर १३७ म्हणजे सीटीएस ही बनवणारी कंपनी, ६६ साल, १२ वा आठवडा. सुरुवात ३०४ ने असेल तर स्टॅकपोल. इथे एक खोच आहे, आणि भलेभले तिथे फसतात. फेंडरने १९६६ मध्ये या पॉटचा एवढा साठा घेतला की तो साठचं दशक संपेपर्यंत पुरला. त्यामुळे ६६ चे पॉट असलेला बेस अडुसष्टचा किंवा एकोणसत्तरचाही असू शकतो. पॉटवरून एवढंच कळतं की बेस त्याआधीचा नाही. म्हणून मानेचा शिक्का, पॉट आणि बाहेरच्या खुणा तिन्ही एकमेकांशी जुळतात का, ते बघायचं. सोल्डर, म्हणजे तारा जोडणारे धातूचे डागही नीट बघा. जुना डाग मंद राखाडी दिसतो. आजूबाजूला फ्लक्सचा ताजा पिवळा चिकटा असेल तर कुणीतरी आत हात घातलाय.

आता माझी आपटी. २०१४ मध्ये बर्मिंगहॅमजवळ एकाकडून १९७४ चा नॅचरल रंगाचा, म्हणजे लाकूड दिसणारा, जॅझ बेस २,४०० पौंडांना घेतला. माणूस अगत्यशील होता, चहा दिला, बायकोने केक कापून दिला. एवढा पाहुणचार झाल्यावर 'जरा स्क्रूड्रायव्हर देता का' म्हणायची मला लाज वाटली. आपला भिडस्तपणा! घरी येऊन दोन दिवसांनी तारा बदलताना सहज ब्रिजजवळचा (बॉडीवर तारा टेकतात तिथला) पिकअप उचलला. खाचेच्या भिंतीवर, सँडपेपर पोचला नव्हता त्या कोपऱ्यात, काळ्या-लालसर रंगाची बोटभर रेघ. सनबर्स्ट होता तो. कुणीतरी घासून काढून नॅचरल केलेला. त्या गृहस्थांना फोन केला तर म्हणाले, मला असाच मिळाला होता. खरंही असेल. तीन वर्षं वाजवला आणि जाहिरातीत त्या रेघेचा फोटो पहिलाच टाकून १,७०० ला विकला. घेणारा पबमध्ये वाजवणारा होता, त्याला रंगाशी देणंघेणं नव्हतं, तो खूश. सातशे पौंडांना पडलेला तो केक माझ्या अजून लक्षात आहे.

यातून विकण्याची एक सवय मात्र लागली. दोष मीच आधी लिहितो, तेही फोटोसकट. दोष लपवलेला बेस घरी बघायला आलेल्या माणसाला सापडला की तो पाचशे कमी करत नाही, निघूनच जातो. आणि हे जग इतकं लहान आहे की महिनाभरात तुमचं नाव फिरतं.

सुट्या वस्तूंना कमी लेखू नका. ब्रिजवर आणि पिकअपवर क्रोमची झाकणं यायची. वाजवताना हाताला अडतात म्हणून बहुतेकांनी ती काढली, ब्रिजवरच्या झाकणाला तर वादक 'ॲशट्रे'च म्हणतात आणि काहींनी ते तसं वापरलंही. आज ती मूळ झाकणं नसली की जाणकार विचारतोच. मूळ केस, जुनी पावती, पहिल्या मालकाचा स्टेजवरचा फोटो, हे सगळं मागून घ्या. तुमचे गृहस्थ दुसरे मालक असतील तर पहिल्याचं नाव तरी विचारा.

ते विचारण्याला दुसरंही कारण आहे. पॉल मॅककार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बर्गला घेतलेला हॉफ्नर बेस १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात व्हॅनमधून चोरीला गेला आणि थेट २०२३ मध्ये परत सापडला. एक्कावन्न वर्षं! मोटाउनच्या गाण्यांवर बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमरसनचा १९६२ चा प्रिसिजन (फेंडरचाच दुसरा बेस) त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी चोरीला गेला, तो अजून सापडलेला नाही. आपला बेस कुणा नामवंताचा नसतो, पण नियम तोच: चोरीची वस्तू पैसे देऊन घेतली म्हणून इथल्या कायद्यात सहसा मालकी येत नाही. सिरियल नंबर चोरीच्या याद्यांमध्ये शोधा आणि विकणाऱ्याकडून सही केलेली पावती घ्या. पैसे बँकेतून, त्याच्या समोर बसून.

गुंतवणुकीचं म्हणाल तर माझं मत जरा कडू आहे. २०२०-२१ च्या लॉकडाउनच्या काळात जुन्या गिटारींचे भाव चढले, लोकांना वाटलं असंच चालणार, मग उतरले. दुकानाच्या काचेवर १२,००० लिहिलेलं दिसतं, पण तुम्ही विकायला ठेवलात तर दुकानदार साधारण १५ ते २० टक्के कापतो. म्हणजे नफा विकताना नसतो, घेतानाच झालेला असतो किंवा नसतोच. खरोखर सगळं मूळ असेल तर साडेनऊ हा भाव वाईट नाही, जरा मोहात पाडणाराच आहे, म्हणूनच मी एवढं उघडायला सांगतोय.

हाताने बनवलेल्या महागड्या बेसचं गणित आणखी निराळं. ब्रुकलिनचा फोडेरा नवा घेतला की पहिल्याच दिवशी त्याची किंमत घसरते, कारण तो एका माणसाच्या हाताला आणि हौसेला शिवलेला अंगरखा असतो; दुसऱ्याला सहा तारा आणि तेवढी रुंद मान नको असते. अलेम्बिकच्या सीरीज वनला बाहेरून वीज देणारा स्वतंत्र डबा लागतो, पाच पिनांच्या केबलीचा. तो डबा हरवलेला बेस स्वस्तात मिळतो आणि मग वर्षभर डबा शोधत बसावं लागतं. अपवाद एकच माझ्या पाहण्यात, आपल्या इथल्या हाय विकमचा जुना वॉल बेस. नव्याची रांग इतकी लांब की लोक जुन्याला जास्त देतात. माझ्याकडे उरलेल्या दोनपैकी एक तो आहे आणि तो विकायचा नाही, तेव्हा विचारू नका.

पुण्याला नेण्याचं. फेंडरने साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत फिंगरबोर्डला ब्राझीलचा शिसव वापरला आणि मग भारतीय शिसव घेतला, म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढतो त्याच जातीचा. सहासष्टचा बेस नेमका त्या सांध्यावर आहे. भारतीय असेल तर तयार वाद्यांना २०१९ पासून साइट्स (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) करारात सूट आहे. ब्राझिलियन असेल तर तो १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, ती सूट त्याला लागू नाही, आणि परवान्याशिवाय देशाबाहेर न्यायच्या भानगडीत पडू नये. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही ओळखणं कठीण. ज्याचा रोजचा धंदा आहे अशा वाद्यकारागिराकडून लेखी मत घ्या. आणि खरं सांगू? परतायची वेळ आली तर इथेच विका. तिकडे या भावाला गिऱ्हाईक शोधताना दमाल, आणि पहिल्याच पावसाळ्यात मान कुठल्या दिशेने जाईल याची काळजी वेगळी.

शनिवारी जाताय तर तारांचा नवा सेट, टॉर्च आणि दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर स्वतःचा न्या. त्यांच्याकडचा बोथट असेल आणि साठ वर्षांच्या स्क्रूचं डोकं तुमच्या हातून खराब झालं, तर त्याचेही पैसे कापले जातात. फोनवर आधीच सांगून ठेवा की मान काढून बघणार आहे. ते काय म्हणाले, ते इथे कळवा.